लोकलमध्ये चालतं मग खेळात का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

मिश्र ग्रुपमध्ये आइसब्रेकर, म्हणजे अनोळखी लोकांना एकमेकांशी मोकळं करणारा छोटा खेळ, घेताना कोणावर नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून काय बदलावं यावर मी लिहिलं, त्यावर ‘अंधेरीचा वाचक’ नावाने कमेंट आलीय. थोडक्यात म्हणणं असं: “मॅडम, दहा मिनिटांच्या खेळाचा एवढा बाऊ? लोकलमध्ये सगळ्या जातीधर्माचे लोक अंगाला अंग लावून उभे असतात, तिथे कोणाची संस्कृती आडवी येत नाही. ज्याला नको त्याने बाजूला बसावं. बाकी हे सगळं गोऱ्यांच्या मॅन्युअलमधून उचललेलं, आणि बार्न्गा (तो पत्त्यांचा खेळ) हा काही आइसब्रेकर नाही. जरा बाहेर पडून मुंबई बघा.”

मतभेद असू द्या, माझी काही हरकत नाही. पण “बाहेर पडून मुंबई बघा” ही काय बोलायची पद्धत झाली? मी लालबागच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत होते, ८२ च्या संपात आमच्या घराचं काय झालं ते मला माहितीये, आमच्या मजल्यावर कोकणातले, घाटावरचे, तेलुगू, सगळे होते आणि नळावर कोणी कोणाशी कसं बोलायचं हे तिथेच शिकले. पुढे सीप्झमधल्या कंपन्यांपासून गोवंडीतल्या बचत गटांपर्यंत सेशन्स घेतली. मुंबई बघायला मला तुमचा सल्ला नको. आणि ते “मॅडम” कोणत्या सुरात लिहिलंय तेही कळतं हो.

आता लोकल. विषय तुम्हीच काढलात. तिथे संस्कृती आडवी येत नाही म्हणता, मग लेडीज डबा कशासाठी आहे? १९९२ मध्ये वेस्टर्नवर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली ती कशासाठी? आणि जनरल डब्यातही नीट बघा, माणसं बॅग छातीशी धरतात, नजर मोबाइलमध्ये किंवा बाहेर, कोण कोणाला टेकलंय याची दखल कोणी घेत नाही आणि घेऊ नये हे सगळ्यांना न सांगता कळतं. म्हणून तर ती गर्दी सहन होते. खेळात नेमकं उलट असतं, लख्ख उजेडात, समोरच्याच्या डोळ्यात बघून, कोणीतरी ऑर्डर दिली म्हणून हात धरायचा आणि एचआरवाला समोर उभा राहून व्हिडिओ काढतोय. गर्दीत लागलेला धक्का आणि सांगून धरायला लावलेला हात हे एकच वाटत असेल तर पुढे काय बोलायचं.

एक बघितलेलं सांगते. अंधेरीतल्या एका ऑफिसचं इंडक्शन, म्हणजे नव्याने लागलेल्यांची पहिली ओळख, सेशन दुसऱ्याचं, मी मागे बसलेले. ह्यूमन नॉट चालू झाला, म्हणजे गोल उभं राहून समोरच्यांचे हात धरायचे आणि न सोडता गुंता सोडवायचा. हिजाब घातलेली एक नवीन मुलगी होती, समोर तिच्या टीम लीडने हात पुढे केलेला. तिने मोबाइल काढला, कानाला लावला आणि “हॅलो, हॅलो” करत बाहेर गेली. फोन वाजलाच नव्हता, स्क्रीन काळी होती, मी बघितलं. खेळ संपल्यावर आली. जेवताना एकटी बसली आणि आमच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, इंटरेस्टेड दिसत नाही ही.

“बाजूला बसावं” म्हणे! नोकरीचा पहिला दिवस, समोर साहेब, आणि आपल्याकडे मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही असंच बहुतेक घरांत शिकवलेलं. अशा माणसाला ‘नको असेल तर बस’ ही सूट देऊन काय उपयोग, बसला की सगळ्यांच्या नजरेत येणारच ना. म्हणून बदल खेळात करायचा, कोणावर नाही म्हणायची वेळच येऊ नये असा. माझा पूर्ण लेख एवढ्याचसाठी होता आणि तो तुम्ही शेवटपर्यंत वाचला असेल असं वाटत नाही.

मी तोच नॉट रुमालाने घेते. स्वतःच्या रुमालाचं एक टोक उजव्या हातात, दुसरं टोक समोरच्या कोणीतरी डाव्या हाताने धरायचं. अंतर राहतं, कोणाचा हात कोणाच्या अंगाशी जात नाही आणि गुंता जास्त अवघड होतो म्हणून लोक जास्त बोलतात, “तुम्ही खालून या”, “काका वाका जरा”, कोण कुठल्या गावचा हे कोणाच्या लक्षात पण राहत नाही. जपानहून आलेले इंजिनियर असलेल्या ग्रुपमध्येही हेच चाललं.

गोऱ्यांच्या मॅन्युअलबद्दल, बार्न्गा बनवला थियागींनी, म्हणजे शिवशैलम थियागराजन, माणूस मूळचा चेन्नईचा, आणि तो सुचला १९८० मध्ये लायबेरियात. प्रत्येक टेबलला पत्त्यांचे नियम जरा वेगळे, बोलायचं नाही, जिंकणारा पुढच्या टेबलावर जातो आणि तिथे गोंधळतो. हां, त्याला नंतरच्या चर्चेसकट पाऊणेक तास सहज लागतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या आइसब्रेकरमध्ये तो बसत नाही हे तुमचं बरोबर. बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत बसत नाही.

तुमच्याकडे पुढचं इंडक्शन असेल तेव्हा रुमालवाला करून बघा. मोठे सुती रुमाल घ्या, ओढण्या नकोत, त्या हातातून निसटतात. आणि ते व्हिडिओ काढणं आधी बंद करा.