वाक्यच दिलं नाही, मग शब्दाची जात कशी ओळखायची?

काल मुलीचा इंग्रजी व्याकरणाचा तपासलेला पेपर हातात घेतला आणि डोकं सणकलं. प्रश्न होता, ‘पुढील शब्दांच्या जाती ओळखा.’ खाली नुसते सुटे शब्द, एकही वाक्य नाही. तिसरा शब्द ‘वॉटर’. तिने लिहिलं, क्रियापद. त्यावर लाल फुली, आणि शेजारी शेरा: ‘नाम! नीट विचार कर.’

विचार केला म्हणूनच तिने तसं लिहिलं ना! तिच्याच धड्यात ‘वॉटर द प्लांट्स’ असं वाक्य आहे. तिथे वॉटर म्हणजे पाणी घालणं. मग ते क्रियापद नाही तर काय आहे? दुसरीकडे पाणी हा अर्थ असेल तर तोच शब्द नाम. दोन्ही बरोबर. चूक प्रश्नाची आहे, आणि गुण मात्र पोरीचे गेले.

मराठीत ‘पाण्याला’, ‘पाण्यात’ म्हटलं की हे नाम आहे हे शब्द स्वतःच सांगतो, प्रत्यय चिकटलेला असतो. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी असे बरेच प्रत्यय होते, ते झिजून गेले. आता शब्द तसाच राहतो आणि जागा बदलली की जात बदलते. ‘राउंड’ घ्या. ‘अ राउंड टेबल’मध्ये विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’मध्ये नाम, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये प्रिपोझिशन, ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण, आणि ‘दे राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद. एका शब्दाच्या पाच जाती! ज्या भाषेत हे रोज घडतं, त्या भाषेतला सुटा शब्द मुलांपुढे टाकून जात विचारायची? कशाच्या जोरावर?

बरं, शिकवलेल्या व्याख्या तरी उपयोगी पडाव्यात. ‘क्रिया दाखवतो तो व्हर्ब.’ मग ‘अरायव्हल’, ‘एक्स्प्लोजन’, ‘डिस्ट्रक्शन’ या काय वस्तू आहेत? सगळ्या क्रियाच, आणि सगळी नामं. उलट ‘सीम’ (वाटणं) किंवा ‘ओन’ (मालकीचं असणं) यात कोण काय करतंय? तरी ती क्रियापदं. ‘शेवटी ली आलं की क्रियाविशेषण’ हा आणखी एक नियम. फ्रेंडली, लव्हली, लोन्ली ही तिन्ही विशेषणं आहेत, आणि ‘ही रन्स फास्ट’मधल्या क्रियाविशेषणाला ली नाहीच.

सगळ्यात जास्त संताप येतो तो ‘स्टोन वॉल’चा. स्टोन हा शब्द भिंतीबद्दल माहिती सांगतो, म्हणून मुलं विशेषण लिहितात, आणि तीच व्याख्या त्यांना पाठ करायला लावलेली असते. पण तिथे ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी हाय वॉल’ चालतं, ‘व्हेरी स्टोन वॉल’ चालत नाही. ते नामच आहे, दुसऱ्या नामाच्या आधी बसलेलं. ही एवढीशी कसोटी सांगायला दोन मिनिटं पुरतात. आधी ‘द’ बसतो का, अनेकवचनाचा ‘एस’ लागतो का, ‘व्हेरी’ चालतं का, हे करून बघायला कुणी शिकवत नाही. व्याख्या मात्र घोकून घेतात.

आणि ते ‘नाउन फॉर्म लिहा’! आपल्याकडे उंच-उंची, रुंद-रुंदी, खोल-खोली, जाड-जाडी, सगळीकडे एकच ई. तिकडे हाय-हाइट, वाइड-विड्थ, डीप-डेप्थ, आणि थिक आलं की एकदम थिकनेस. डिसाइडचं डिसिजन, पण रिफ्यूजचं रिफ्यूजल. (‘रेफ्यूज’ असा पहिल्या अक्षरावर जोर दिला की तेही नाम, पण अर्थ कचरा.) पुअरचं पॉव्हर्टी, चोरणं या अर्थाच्या स्टीलचं थेफ्ट. प्रोनाउन्समधला ‘नाउन’ प्रनन्सिएशनमध्ये ‘नन’ होतो, आणि स्पेलिंगमधला ओ गायब.

याला कारणं आहेत हो! १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. पॉव्हर्टी फ्रेंचमधून आलेलं, थेफ्ट जुन्या इंग्रजीतलं. नेस, डम, हुड हे घरचे प्रत्यय. मेंट, शन, अन्स हे फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले. एवढं सांगितलं तर मुलं शब्दांचे गट करून लक्षात ठेवतील. त्याऐवजी शंभर जोड्यांचा कागद हातात देतात, ‘पाठ करून या’ म्हणतात आणि एक अक्षर चुकलं की पूर्ण गुण कापतात.

आज शाळेत जाऊन विचारलं. बाईंनी धडा उघडून ते वाक्य पाहिलं, मान्यही केलं, पण म्हणाल्या, ‘उत्तरसूचीत नाम आहे, मी काय करू?’ म्हणजे वाक्य खोटं आणि सूची खरी!

पुढच्या आठवड्यात परत तीच परीक्षा. मुलगी सरावाचा कागद घेऊन शेजारी बसली आहे आणि विचारते आहे, ‘बाबा, ड्रिंकला काय लिहू?’ कागदावर वाक्य नाही. काय सांगू तिला?