पाणकिडे शेणातून येत नाहीत, उडत येतात

पाण्यात राहणारे पाणकिडे माशांची नुकतीच जन्मलेली पिल्लं खातात. त्यावर शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो: 'पाणकिडे शेणातून आणि मत्स्यबीजाच्या पिशवीतून येतात. शेण बंद करा, प्लास्टिक कागद अंथरा, साबण-तेल एकदा मारा. किडे कायमचे जातील.'

आधी शेण. पाणभुंगेरे, पाणढेकूण, उताणे पोहणारे नोटोनेक्टा यांना पंख असतात आणि ते बहुधा रात्री उडतात. एक डबकं आटलं की दुसरं शोधतात. पावसाळ्यात दिव्याखाली सापडणारे पाणढेकूण याच वाटेवरचे. चतुर दिवसा येतात आणि पाण्याला शेपूट टेकवत अंडी घालतात. तळ्यात टाकलेल्या शेणामुळे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, त्यावर किडेही पोसतात, एवढं खरं. पण मत्स्यजिऱ्यांचं, म्हणजे माशांच्या अगदी लहान पिल्लांचं, अन्नही तेच प्लवंग. शेण तोडून जिरे उपाशी मारायचे का? पिशवीतून एखादी अळी आलीच, तरी तळं भरून टाकणारी फौज आकाशातूनच उतरते.

कागदाचा सल्ला तर उलटाच आहे. पाण्याच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश आडवा ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याची कंपनं आडव्या दिशेत होतात, आणि पाणकिडे पाणी ओळखतात ते त्यावरून. जर्मनीतल्या रुडॉल्फ श्विंड यांनी १९८०च्या दशकात नोटोनेक्टावर हे दाखवलं. हंगेरीत तर मेफ्लाय (पाण्यात अंडी घालणारे नाजूक उडते किडे) कोरड्या डांबरी रस्त्यावर अंडी घालताना आढळले! चकचकीत काळा कागदही तसाच फसवतो. कागदाने पाझर थांबतो, काठाचं गवत कमी होतं, त्यामुळे देठात अंडी खुपसणाऱ्या पाणविंचवांची थोडी अडचण होते. बहुतेक चतुरांना मात्र गवत लागत नाही.

साबण-तेल चालतं, पण ते का चालतं हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. हे किडे हवेसाठी वर येतात. तेलाच्या थराने त्यांचा श्वास कोंडतो. शिफारस हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, म्हणजे गुंठ्याला साधारण ५६० ग्रॅम आणि १८० ग्रॅम. जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला असताना. वाऱ्याने थर फाटला की खर्च पाण्यात. आणि 'कायमचे' कसे जातील? थर विरला की नवे येणारच.

शिवाय चतुराच्या अळ्या याने मरत नाहीत. त्यांचे कल्ले गुदाशयात असतात, त्या पाण्यातलाच ऑक्सिजन घेतात. त्यांच्यासाठी बारीक आसाची (छिद्रांची) जाळी पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि तळं फार आधी भरून ठेवायचं नाही, म्हणजे जिरे येईपर्यंत अळ्या मोठ्या झालेल्या नसतात.

ही सगळी धावपळ ५-६ मिलिमीटरच्या जिऱ्यांसाठी. थेट मोठी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडणाऱ्याला मोठे पाणढेकूण वगळता फारशी भीती नाही. तळाच्या चिखलातल्या लाल अळ्या तर सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) आवडीने खातो, त्यांच्यावर तेल कशाला ओतायचं?