ताराबाईंचा निबंध कुणी वाचला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार.

तुमचा आक्षेप असा: ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या निबंधावरच्या माझ्या जुन्या लेखात 'हा निबंध अनेक बायकांनी नक्कीच चोरून वाचला' असं मी ठोकून दिलंय, त्याला आधार नाही. उलट 1882 साली छापलेलं पुस्तक 1975 मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत विस्मरणात गेलं होतं, म्हणजे ते कुणी वाचलंच नव्हतं.

पहिली गोष्ट मान्य. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात प्रती निघाल्या 500, किंमत नऊ आणे. मजुराची तीन-चार दिवसांची कमाई ती. शंभरात एका बाईलाही धड वाचता येत नव्हतं तेव्हा. हे ठाऊक असूनही मी भरात लिहून गेले. चूकच झाली.

दुसरी गोष्ट मात्र मला पटत नाही. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली, कारण निबंधावर टीका होत होती. म्हणजे पुरुष वाचत होते, चिडत होते, आणि चिडले की त्यांना छापायला जागा होती. बाईला ती कुठे होती?

निबंध कशातून आला ते आठवा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल 1881 मध्ये फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली. आता अशा काळात एखाद्या सोवळ्या बाईने भावाच्या फडताळातून हे पुस्तक काढून वाचलं असेल, तर 'मला पटलं' हे ती सांगणार कुणाला? सांगितलं की संशय तिच्यावरच. खुद्द ताराबाईंनी यानंतर छापलेलं दुसरं काही आपल्या हाती नाही. लिहिणारीच गप्प झाली, आणि वाचणारीकडे आपण पुरावा मागतोय.

माझी आजी मासिकातलं आवडलेलं पान कापून पोथीच्या फडक्यात ठेवायची. ती गेल्यावर अशी अकरा पानं निघाली. एकाही संपादकाला तिने कधी पत्र लिहिलं नव्हतं, आम्हालाही कधी काही बोलली नव्हती. ज्यांनी ती पानं लिहिली, त्यांच्या लेखी आजी नव्हतीच. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला सारखी तीच दिसत होती, म्हणून उत्तर एवढं लांबलं.

शिवाय, मालशे यांना छापायला जुनी प्रत मिळाली, ती 93 वर्षं कुठेतरी टिकली म्हणून. ग्रंथालयाच्या कपाटात आपसूक टिकली असेल, हे मी नाकारत नाही. पण कुणीतरी जपलीही असेल.

तर लेखातलं 'अनेक' आणि 'नक्कीच' आजच काढते. 'वाचला असेल' एवढं राहू देते. तुम्ही बुलढाण्याकडचे आहात असं लिहिलंय. तिकडच्या जुन्या घरांत पोथ्यांची गाठोडी अजून असतील, तर कधी सोडून बघाल का? एखाद्या पानाच्या कडेला पेन्सिलीची रेघ जरी दिसली, तरी मला कळवा.