‘मॉर्फिनने पोटात रक्तस्राव होतो’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: मॉर्फिन, ट्रॅमाडॉल या अफूच्या गोळ्या, त्यांनी आतडी सडतात आणि पोटात रक्तस्राव होतो. शौचाला रक्त दिसलं की त्या ताबडतोब बंद करा. दुखलंच तर साधी पेनकिलर घ्या, सोबत अँटासिड घ्या, नाहीतर सरळ इंजेक्शन घ्या, म्हणजे पोटाला त्रास नाही. मी औषधाच्या दुकानात बसतो आणि मोबाइल पुढे करून हा मेसेज दाखवणारे लोक आता वरचेवर येतात. हा सल्ला पाळला तर ज्या रक्तस्रावाची भीती घातली आहे तोच ओढवण्याची शक्यता जास्त. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अफूच्या गोळ्यांनी आतडी सडतात.’ साफ चूक. मॉर्फिन मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि आतड्याच्या भिंतीतल्या चेतातंतूंवर काम करतं. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, पण जठराचं अस्तर सोलवटत नाही. ते अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं राखतात: वरचा बुळबुळीत थर, आम्लाचा जोर मोडणारं बायकार्बोनेट, आतला रक्तपुरवठा, सगळं त्यांच्या जिवावर. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत. पुढे १९८२ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, सगळी याच घराण्यातली. ज्या कारणाने सूज आणि दुखणं उतरतं, त्याच कारणाने पोट उघडं पडतं. वर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही ढिल्या पडतात, म्हणजे जखम झाली की ती वाहतच राहते. मेसेजवाल्यांनी चोर सोडून संन्याशाला सुळावर दिलं आहे.

‘रक्त दिसलं की मॉर्फिन बंद करा.’ आधी रक्त कसलं ते बघा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, जवळजवळ प्रत्येकाला होतं, आणि कुंथून कुंथून मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराची चीर) चिडलं की लालभडक रक्त दिसतं. ते बहुधा गुदद्वाराशी असतं, तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं. यावर उपाय म्हणजे मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रोजचं रेचक. नुसत्या इसबगोलावर विसंबू नका, रुग्ण पाणी कमी पीत असेल तर तो आतच गच्च बसतो.

काळी, डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच ही मात्र वेगळी गोष्ट. ते वरच्या पोटातलं रक्त असतं. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते.) एक मुलगा माझ्याकडे आला होता: आईला काळी शौच होतेय, मॉर्फिन थांबवलं, आता काहीतरी साधं द्या. मी विचारलं, आई आणखी काय घेतात? म्हणाला, काही नाही, फक्त हृदयाची गोळी आणि गुडघ्याची. गुडघ्याच्या गोळीची स्ट्रिप त्याच्या खिशातच होती. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं: अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. दिवसातून दोनदा. हृदयाची म्हणजे ७५ ची अ‍ॅस्पिरिन. मी काहीही न देता त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. दुर्बिणीतून जठरात अल्सर सापडला. त्याच्या लेखी ‘पेनकिलर’ फक्त मॉर्फिन होतं, बाकीची तर रोजचीच औषधं.

‘साधी पेनकिलर सुरक्षित.’ पॅरासिटामॉलबद्दल म्हणत असाल तर पोटापुरतं बरंचसं खरं आहे, मात्रा पाळली तर. पण काउंटरवर ‘साधी’ म्हणून मागतात ती डायक्लोफेनॅक, नाहीतर आयब्युप्रोफेनचं मिश्रण. वय पासष्टच्या पुढे, पूर्वी अल्सर झालेला, सोबत अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा स्टेरॉइड चालू, अशा माणसाला ही ‘साधी’ गोळी सगळ्यात महागात पडते. आणि असे अल्सर पुष्कळदा दुखतही नाहीत, एकदम रक्तच येतं.

‘इंजेक्शन घ्या, अँटासिड घ्या.’ इंजेक्शनने औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोहोचतं, प्रोस्टाग्लँडिन तिथेही थांबतात. अँटासिडच्या जेलने जळजळ शमते, अल्सर टळत नाही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी धोका खरोखर कमी होतो, पण जठर आणि त्याला लागून असलेल्या आतड्यापुरता.

आता दुसरी बाजू, कारण अफूजन्य औषधं निर्धोक आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. गुंगी, श्वास मंदावणं, सवय लागणं हे धोके खरे आहेत. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरही काम करतं आणि वॉरफरिनबरोबर घेतलं तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. २०१० साली अमेरिकेतल्या संधिवाताच्या वृद्ध रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अफूजन्य औषधं घेणाऱ्यांत पोटातल्या रक्तस्रावाचं प्रमाण आयब्युप्रोफेनसारख्या जुन्या पेनकिलर घेणाऱ्यांइतकंच निघालं, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. पण ज्यांचं पोट आधीच नाजूक, त्यांनाच डॉक्टर अशी औषधं देण्याचा कल असतो, हे असा आकडा वाचताना ध्यानात ठेवावं लागतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून २७ रुग्णांची हकिकत छापून आली. कोडीन (हेही अफूजन्य औषध) आणि आयब्युप्रोफेनच्या जोडगोळीचं व्यसन लागलेल्या या लोकांपैकी अनेकांना अल्सर, रक्तस्राव झाला होता. व्यसन कोडीनचं, पोट फोडलं आयब्युप्रोफेनने. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीन चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

राहिलं ‘ताबडतोब बंद करा’. कित्येक आठवडे चालू असलेलं मॉर्फिन एकाएकी थांबवलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता, झोप उडणं सुरू होतं आणि दाबून ठेवलेली वेदना दुपटीने उसळते. ते हळूहळू कमी करायचं की चालू ठेवायचं, हे डॉक्टर ठरवतील. काळी शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, चक्कर किंवा घाम असेल तर तासाभराचीही वाट पाहू नका. आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. गुडघ्याची, डोकेदुखीची, हृदयाची, शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा.