मीठ काही जाईना

मे महिन्यात गोव्यात मांद्र्याला सासुरवाडीस गेलेल्या जावयाला आंबे मिळतात, पाणी मिळत नाही. नळ कोरडा, विहीर तळाला गेलेली आणि खारट. म्हणून मी हातपंपाचा फिल्टर नेला होता. त्याची किंमत बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, तेव्हा इथे सांगत नाही.

विहिरीपाशी पंप मारायला बसलो आणि मामेसासरे आले. जावयाशी मामा ठेवणीतलं मराठी बोलतात. अपमान त्यामुळे जास्त स्वच्छ ऐकू येतो.

"जावईबापू, सायकल कुठे आहे?"

पंप थांबवून मी त्यांना पारदर्शक नळकांडं दाखवलं.

"आत शेवया आहेत?"

"पोकळ तंतू आहेत, मामा. त्यांच्या भिंतीला ०.१ मायक्रॉनची छिद्रं. दाबाने पाणी आत शिरतं, गाळ आणि जंतू बाहेर अडकतात. जुलाबाचा ई. कोलाय एक-दोन मायक्रॉन लांब असतो, तो घुसूच शकत नाही."

मामांनी एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"खारट आहे."

"मीठ विरघळलेलं असतं. त्याचे कण फारच बारीक, ते पार होतात."

"म्हणजे दिसत नाही ते अडतं आणि लागतं ते येतं. बरं, कावीळ?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण विज्ञानाशी बेइमानी कशी करणार? "हिपॅटायटिस ए चा विषाणू ०.०३ मायक्रॉनचा. तो... येतो. उकळून घ्यायचं."

"उकळायचंच आहे तर हे कशाला?"

मीठ काढायला आरओचा पडदा लागतो, हे मी तरीही सांगितलं. समुद्राचं पाणी गोडं करायचं तर ५५ बारच्या पुढे दाब हवा. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असतो. विहिरीला कमी पुरेल, पण माझ्या दंडात तेवढाही नाही. मामांनी माझ्या दंडांकडे पाहिलं. वाद घातला नाही.

तेवढ्यात पंप जड झाला. तंतूंवर गाळ बसला की गाळलेलंच पाणी पिचकारीने उलटं सोडून ते धुवायचे असतात. तांब्याभर पाण्यासाठी घाम गाळलेला, त्यातलं अर्धं मी मामांच्या डोळ्यांदेखत परत मातीत सोडलं. मामा काही बोलले नाहीत. खिशातून तपकीर काढली.

कुंपणापलीकडून हॉटेलकडे टँकर गेला, रस्ताभर गळत. तिथल्या पोहण्याच्या तलावाला मे महिना लागत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या राज्यात मी विहिरीच्या काठावर बसून पिचकारी मारतोय, आणि याबद्दल जाब विचारायचा तर मलाच!

स्वयंपाकघराच्या दारातून मामांनी हाक दिली, "ताई, आमटीत मीठ घालू नकोस. जावईबापूंनी पाणी शुद्ध केलंय."

सासूबाईंनी खरंच घातलं नाही.