तुमचं मूल 'ऐकून शिकणारं' नाही, आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू नका

गेले काही आठवडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतोय: 'पालकांनो, पाठ्यपुस्तकं बाजूला ठेवा, आधी शिकायचं कसं ते शिकवा.' त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक मूल बघून शिकणारं, ऐकून शिकणारं किंवा करून शिकणारं असतं. तो प्रकार ओळखून त्यानुसारच पुस्तकं घ्यावीत. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं आणि केलेलं ९० टक्के, म्हणून पाठ्यपुस्तक वाचण्यात वेळ घालवू नये. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूची ९० टक्के वाढ होते, म्हणून तिसऱ्या वर्षापासून अक्षरं गिरवून घ्यावीत. पाचवीतलं मूल सरावाने मिनिटाला १००० शब्द वाचू शकतं. आणि दहावीच्या मुलांनी चार रंगांच्या पेनांनी धडा रंगवून तो दहा वेळा वाचावा. खाली बालवर्गापासून दहावीपर्यंतच्या 'अभ्यास कसा करावा' पुस्तकांचे संच आणि पैसे भरायची लिंक. लेखकाचं नाव कुठेही नाही.

असले संदेश मी एरवी पुसून टाकते. हा माझ्या धाकट्या बहिणीकडे सोसायटीच्या ग्रुपवरून आला, तिने पाचवीतल्या मुलीसाठी संच मागवला, आणि परवा भाचीने माझ्यासमोर गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचायला चक्क नकार दिला. "मावशी, तू वाचून दाखव ना. मी ऐकून शिकणारी आहे, मला वाचून नाही कळत." गेल्या दिवाळीत हिच्या हातातून गोष्टीचं पुस्तक सुटत नव्हतं! मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलं अभ्यास टाळायला कारणं शोधतात, ते चालायचंच. पण असं कारण छापील पुस्तकाने मुलीच्या तोंडात घालावं, हे मला सहन झालं नाही.

म्हणून सगळ्यात जास्त याच मुद्द्याबद्दल. संचातल्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी 'तुझा प्रकार ओळख' नावाची चाचणी आहे. त्यातला एक प्रश्न असा: नवीन मोबाईल हातात आला तर तू काय करतेस? चित्रं बघतेस, कोणाला विचारतेस की बटणं दाबून बघतेस? भाचीने 'विचारते'वर खूण केली. का? कारण तिच्या घरी न विचारता मोबाईलला हात लावायचा नाही असा नियम आहे. अशा उत्तरांची बेरीज करून पुस्तकाने तिला सांगितलं की तू ऐकून शिकणारी. दहा वर्षांच्या मुलीने ते खरं मानलं, आणि तिच्या आईनेही.

मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, हे मला कोणी सांगायला नको. एकाला आकृती काढल्याशिवाय चैन पडत नाही, दुसरी मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ करत नाही. पण दावा आवडीचा नाही. दावा असा आहे की मुलाच्या प्रकाराप्रमाणे शिकवलं की ते जास्त शिकतं. हे तपासायचं तर मुलांचे प्रकार पाडायचे, प्रत्येक प्रकारातल्या निम्म्या मुलांना एका पद्धतीने आणि निम्म्यांना दुसऱ्या पद्धतीने शिकवायचं, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. दावा खरा असेल तर 'बघणारे' बघून आणि 'ऐकणारे' ऐकून सरस ठरले पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तोवरचं संशोधन याच निकषावर चाळून काढलं. या रीतीने केलेले अभ्यासच त्यांना फार थोडे सापडले, आणि जे सापडले त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या विरुद्ध होते. वर्गात असे प्रकार पाडून शिकवण्याला पुरेसा आधार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे.

संशोधनही राहू दे, साधा विचार करा. महाराष्ट्राचा नकाशा ऐकून शिकणार का? यमन राग बघून शिकणार? कंपासने वर्तुळ काढायचं तर कंपास हातातच धरावा लागतो, मूल कुठल्याही प्रकारचं असो. कसं शिकायचं ते बहुतेक वेळा विषयच ठरवतो. आणि भाची यंदा शिष्यवृत्तीला बसतेय. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. तिथे तिला कोण वाचून दाखवणार आहे?

याहून गंभीर एक गोष्ट आहे. खरोखरच वाचताना अडखळणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. कुणाला चष्मा लागलेला असतो आणि घरी पत्ता नसतो. कुणाला अध्ययन अक्षमता असते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जातं. अशा मुलांना राज्य मंडळ दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती देतं, पण त्यासाठी रीतसर तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. 'आमचा मुलगा ऐकून शिकणारा आहे' असं म्हणून आई-बाप निवांत झाले की ती तपासणी वर्षानुवर्षं लांबते. मूल 'वाचून कळत नाही' म्हणालं तर आधी डोळे तपासा, मग वर्गशिक्षकांना भेटा.

आता ते टक्के. वाचलेलं १०, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, असं चढत चढत केलेलं ९०. हे टक्के लिहिलेला त्रिकोण शिक्षकांच्या प्रशिक्षणातही दाखवतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याखाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव असतं. डेल यांनी १९४६ च्या पुस्तकात अनुभवांचा एक शंकू काढला होता, हे खरं. पण त्यावर एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. आणि ते आकडे बघूनच संशय यायला हवा: काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, याचा पत्ता नाही आणि उत्तर मात्र नेमकं दहाच्या पाढ्यात.

हाताने करून बघण्याचं महत्त्व मी नाकारत नाही. ते नाकारलं तर मला विज्ञान शिकवताच येणार नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी २००३ ते २०१४ ही वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून हेच दाखवलं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या घ्या. तीन काड्या जोडून त्रिकोण करा, तो दाबला तरी आकार सोडत नाही. चौथी काडी घालून चौकोन केला की तो बोट लावताच कलतो. मग मुलाला पुलाच्या लोखंडी सांगाड्यात इतके त्रिकोण का असतात ते विचारा. कृती शिकवणारं पुस्तक हवं असेल तर असं हवं. गुप्तांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण काड्या जोडून झाल्यावर 'का' हे समजायला पुन्हा वाचावं लागतंच. वाचन सोडा, असं त्यांतल्या कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी गिरवायच्या वह्या. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो, एवढं मान्य. पण ही आकाराची गोष्ट झाली, शिकण्याची नव्हे. आणि त्यावरून पेन्सिल हातात द्या हे कसं निघालं? त्या वयात मुलाशी भरपूर बोलावं, गाणी म्हणावीत, माती-पाण्यात खेळू द्यावं, मणी ओवू द्यावेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शंख-शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर त्यांनी मुलांचं शिक्षण उभं केलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा धरला आहे. इतकं सगळं आपल्याच घरात असताना तीन वर्षांच्या पोराची बोटं दुखेपर्यंत 'अ' गिरवून घेणाऱ्या वहीला पैसे का द्यायचे?

मिनिटाला १००० शब्दांबद्दल फार लिहीत नाही. डोळ्याला स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मध्यावरचा लहानसा भाग, एका वेळी मोजकीच अक्षरं. पान एका नजरेत 'टिपता' येत नाही. मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली वेगवाचनावरचं संशोधन तपासलं. इंग्रजी वाचणारा सुशिक्षित प्रौढ मिनिटाला साधारण २०० ते ४०० शब्द वाचतो, आणि वेग त्यापुढे फार ताणला की समज कमी होते. पाचवीच्या मुलीने १००० शब्द 'वाचले' तर तिने पानं उलटली, एवढंच.

दहावीच्या सल्ल्यावर मात्र थांबायला हवं, कारण तो ऐकून मुलं खरंच कष्ट करतात आणि ते कष्ट वाया जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विज्ञानाचा 'गुरुत्वाकर्षण' हा धडा चार रंगांत रंगवून आणला होता. व्याख्या पिवळ्या, सूत्रं गुलाबी, उदाहरणं हिरवी. आकृत्यांचे क्रमांकसुद्धा त्याने सोडले नव्हते. पुस्तक मिटायला लावून विचारलं, पृथ्वीवरून मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून सुटून जायला लागणारा वेग, किती? "११.२ किलोमीटर प्रति सेकंद." चटकन आलं. मग दगड फेकला काय आणि यान सोडलं काय, मुक्तिवेग तोच का? गप्प. गतिज ऊर्जेत वस्तुमान आहे, स्थितिज ऊर्जेतही आहे, समीकरण मांडलं की दोन्हीकडचं वस्तुमान जातं. त्या दोन ओळी त्याने निळ्या केल्या होत्या. वाचल्याही होत्या, कितीतरी वेळा.

केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की आणि चार सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती घेऊन प्रत्येकीमागचा पुरावा तपासला. ज्याला या विषयात एकच गोष्ट वाचायची आहे त्याने हा अहवाल वाचावा. रेघा मारणं, रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या पद्धती त्यांनी कमी उपयोगाच्या ठरवल्या. सर्वाधिक उपयोगाच्या दोनच निघाल्या: स्वतःची चाचणी घेणं, आणि अभ्यास एका दमात न उरकता दिवसांच्या अंतराने करणं. म्हणजे संदेश दहावीच्या मुलांना ज्या दोन गोष्टी करायला सांगतो, त्या दोन्ही या यादीच्या तळाशी आहेत.

मग मुलांना त्या बऱ्या का वाटतात? याचं उत्तर रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४० वर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले. रात्री धडा तिसऱ्यांदा वाचून 'आता येतंय' असं वाटतं ते या पहिल्या पाच मिनिटांमुळे. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

त्या मुलाला मी एवढंच करायला लावलं: पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर धड्यातलं आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि राहिलेलं लाल शाईने भर. चार-पाच दिवसांनी पुन्हा. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ कोरा राहतो आणि मुलं नाराज होतात. त्या वेळी घरच्यांनी 'बघ, काहीच येत नाही' म्हणू नये. आठवताना होणारी ती ओढाताण हाच अभ्यास आहे.

आणि हे ज्या पुस्तकात आधीपासून आहे तेच बाजूला ठेवायला सांगितलं जातंय! बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. धडा सुरू होतो तोच 'थोडे आठवा' या चौकटीने. मध्ये 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा'. शेवटी स्वाध्याय. आपल्या पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या या संस्थेला १९६७ पासून पुस्तकं काढायचा अनुभव आहे आणि तिची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यांत उणिवा आहेत. काही धडे फार आटोपते आहेत, गणितात सरावाची उदाहरणं कमी पडतात. त्यासाठी अप्पा बळवंत चौकातून एखादा चांगला प्रश्नसंच जरूर आणावा, मीही मुलांना आणायला सांगते. फक्त उत्तरं आधी वाचायची नाहीत, स्वतः सोडवून मग ताडून बघायची.

बहिणीला मी सांगितलंय की उरलेले भाग परत कर, आणि परत घेत नसतील तर त्यांतली कोडी तेवढी मुलीला दे. भाचीबरोबर आता रोज एक शाब्दिक उदाहरण: ती मोठ्याने वाचते, काय दिलंय आणि काय काढायचंय ते न बघता मला सांगते, मग सोडवते. काल वजाबाकीत हातचा चुकला, पण प्रश्न तिला पहिल्या वाचनातच कळला होता. तसं मी तिला सांगितलंही. तुमच्या घरी ती चाचणी कोणी सोडवली असेल तर तुम्हीही मुलाला आजच सांगा की त्या पानावरचा निकाल चुकीचा आहे.