सागवानाला सागवानी रंग

काल सकाळच्या गाडीनं जळगावहून निघाले, अमळनेरला उतरले, तिथून रिक्षानं गाव. पणजोबांच्या काळातलं आमचं मातीचं घर मी यंदा जुन्या पद्धतीनं दुरुस्त करून घेतेय. ओट्यावर चढून चपला काढल्या आणि आत पाऊल टाकायच्या आधीच ऑइल पेंटचा भपकारा आला. पोटात गोळाच आला. या घरात ऑइल पेंटचा डबा येणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तोंडी ठरलेलं, फोनवर ठरलेलं, व्हॉट्सॲपवर लिहून दिलेलं, ॲडव्हान्स देताना पुन्हा एकदा बजावलेलं.

आत गेले. चार खांब, मधली तुळई, दाराची चौकट, सगळं रंगवलेलं. नुसतं रंगवलं असतं तरी मी एवढी पेटले नसते. खाली पिवळट रंगाचा हात, त्यावर तपकिरी, आणि तपकिरी ओला असतानाच रबराची फणी ओढून काढलेल्या रेघा. लाकडाच्या रेषा! अधेमधे बोट गोल फिरवून गाठीसुद्धा काढल्यात. पणजोबांच्या काळातल्या सागवानी खांबावर सागवानाचं चित्र काढून ठेवलंय. अरे, खाली खऱ्या रेषा आहेत! त्या दिसाव्यात म्हणून मी मार्चपासून दर शनिवार-रविवार इथं येऊन चुलीची काजळी धुतली, हाताची सालं निघेपर्यंत पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल जिरवलं. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात, म्हणून दर वेळी त्या ओट्यावर एकेक पसरून वाळवल्या. चार महिन्यांचं काम. तीन दिवस मी नव्हते, तेवढ्यात संपवलं.

आणि आता ऐका. दारालगतच्या खांबावर मी दोन महिन्यांपूर्वी जाड पेनानं लिहून कागद चिकटवला होता: ‘खांबाला रंग लावू नये.’ तो कागद अजून तिथंच आहे. त्याच्या चारी बाजूंनी रंग मारलाय. वरच्या कडेला तपकिरी थेंब ओघळून ‘खांबाला’ या शब्दापर्यंत आलाय. मी कागद ओढून काढला, तर खाली वहीच्या पानाएवढा उघडा खांब. तेल प्यायलेला, तांबूस, बारीक रेषांचा, माझा खांब. आणि त्याच्या भोवती फणीच्या रेघा. मी तिथं उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू. म्हणजे कागद दिसला होता ना? ब्रश कागदापाशी आला, थांबला, वळसा घालून पुढं गेला. वाचता येत नाही म्हणावं, तर याच माणसानं माझ्यासमोर डब्यावरचं थिनरचं प्रमाण वाचून दाखवलंय. वाचता येतं. ऐकायचं नसतं.

मधल्या तुळईला दोन खाचा होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या आत्या माहेरी यायच्या तेव्हा तिथं झोका बांधायचे. गावातल्या बाकीच्यांचा निंबाच्या झाडाला असायचा, आमच्याकडे एक झोका घरातही, कारण मे महिन्याच्या दुपारी पारा 45 च्या पुढे गेल्यावर झाडाखालीही बसवत नाही. किती वर्षांच्या दोरानं त्या खाचा पडल्या कुणास ठाऊक. बोट घातलं की अर्धं पेर आत जायचं. काल बोट फिरवलं तर सपाट. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वर रंग. मागच्या खांबाला आजी पाठ टेकून तांदूळ निवडायची. तिच्या डोक्याच्या तेलानं तिथं एक काळसर, गुळगुळीत चकती पडली होती. मी तिथं पॉलिश पेपर लावला नव्हता मुद्दाम. आता तिथं बोटानं काढलेली गाठ आहे.

रंगारी पोरगा मोठ्या हौसेनं म्हणाला, “देखा ताई, आते कसं नवं दिखस!” त्याच्यावर मी ओरडले नाही. वीस-बावीसचा पोरगा, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. मी फोन लावला तो ठेकेदाराला. तीनदा कट केला. चौथ्यांदा उचलून म्हणतो, “ताई, फिनिशिंग नको का? लोक म्हणतील, बाईंनी काम अर्धवट सोडलं.”

फिनिशिंग! हा शब्द ज्यानं या जिल्ह्यात आणला त्याला मला एकदा भेटायचंय. पाच महिने झाले, प्रत्येक भांडण याच शब्दावर येऊन थांबतं. भिंत हाताला थोडी खडबडीत लागली की फिनिशिंग नाही. शहाबादी फरशीला पोत आहे, की फिनिशिंग नाही. कोनाड्याची कमान हातानं घडवलेली म्हणून किंचित वाकडी, फिनिशिंग नाही. लोक म्हणतील, लोक म्हणतील. कोणते लोक? माझ्या घरात राहायला कोण येणार आहे, मी की लोक?

आणि हा पहिला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीचं दुखणं अजून गेलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी दादानं, घर निदान उभं राहावं म्हणून, एक मिस्त्री लावला होता. त्यानं दोन फुटी मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा मारला. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि दोन्ही अंगांनी सोडते, म्हणून तर शंभर वर्षं टिकते. तिच्या अंगावर सिमेंट थापलं की ओल बाहेर पडणार कुठून? आतल्या आत भिंत भिजत राहते, सिमेंट मातीला धरत नाही. एक पावसाळा गेला आणि श्रावणात अख्खा पोपडा, दाराएवढा, गॅसच्या ओट्यावर कोसळला. मागची माती चिखल झालेली. त्या मिस्त्रीला बोलावलं तर म्हणाला, भिंतच खराब आहे, पाडून टाका. भिंत खराब! तुझ्या येण्याआधी ती कुणाच्या आधाराशिवाय उभी होती.

म्हणून यंदा मी चुन्याचा हट्ट धरला. कळीचा चुना आणला, अंगणात टाकी करून पंधरा दिवस भिजवला, रोज ढवळला. तर आताचा ठेकेदार म्हणतो, चुन्यात ताकद नसते, त्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल. चुना लवकर धरत नाही हे मलाही माहीत आहे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेऊन परत दगडासारखा होतो, त्याला आठवडे लागतात, महिने लागतात, मधेमधे पाणी मारावं लागतं. ज्याला बुधवारी काम उरकून गुरुवारी दुसरीकडे जायचंय त्याला ते परवडत नाही, एवढंच खरं कारण. तसं सांग ना! ताकद नाही म्हणून नको सांगूस. इथून तासाभरावर पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे, अठराव्या शतकातला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळात 1824 सालचं. त्या किल्ल्याचे बुरूज काय गोण्या फोडून बांधले का?

वायरमननं तर कहर केला. मी म्हटलं होतं, वायरिंग भिंतीवरून उघड्या पाइपातून ने, मला चालेल, मातीच्या भिंतीला ग्रायंडर लावू नको. हो ताई, हो ताई. मी भाजी आणायला गेले आणि परत आले तर घरात समोरचा माणूस दिसेना एवढी धूळ, भिंतीला वरपासून खालपर्यंत चर, आणि तो चर थेट देवाच्या दिवळीच्या, म्हणजे दिव्याच्या कोनाड्याच्या, मधून. सरळ रेघ आली म्हणे. हातभर बाजूला सरकायला काय झालं होतं? त्या दिवळीत कानबाईचा, आमच्या खान्देशी देवीचा, दिवा लागायचा आमच्याकडे. कानबाईच्या आधी घर सारवून, रंगवून तयार करायचं ही आमच्या खान्देशातली रीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, पुण्याहून दादा-वहिनी, सुरतेहून चुलत भाऊ, सगळे येणार, म्हणून तर एवढी धावपळ. तीन आठवडे उरलेत. दिवळी अजून फुटकीच आहे.

धाब्याचं तर विचारूच नका. घर चारशे फुटांचं, दोन खोल्या आणि पडवी. वर धाबं. लाकडावर फळ्या, त्यावर पाला, त्यावर माती, सगळ्यात वर खारी माती. पाऊस पडला की ती माती फुगते आणि भेगा बुजवते. दर उन्हाळ्याच्या शेवटी थोडी नवी टाकायची, गवत उगवलं तर उपटायचं, एवढीच त्याची सेवा. मला भेटलेल्या पाचपैकी चार जणांनी सांगितलं की वरून सिमेंटचा कोबा करा, कटकट मिटेल. आधीच्या मातीचं वजन, त्यावर कोब्याचं वजन, खाली शंभर वर्षांच्या तुळया, आणि भेग पडली की आत शिरलेलं पाणी लाकूड कुजवत बसणार. पाचव्यानं सांगितलं, धाबं काढा, स्लॅब टाका. मे महिन्यात स्लॅबखाली झोपून बघा एकदा. जळगावच्या माझ्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. या घरात भर दुपारी आजी घोंगडी अंथरून झोपायची.

मग मी म्हटलं, गावात कुणी ऐकत नाही तर शहरातल्या सजावटवाल्यांना विचारावं. गेले. त्या बाई फार गोड बोलल्या. त्यांच्याकडे ‘गावाकडचा लुक’ म्हणून पॅकेजच आहे. छताला प्लायच्या पोकळ पेट्या ठोकून वर लाकडाचा कागद, त्या तुळया. भिंतीला विटेच्या चित्राचं पॅनल. कोपऱ्यात फायबरचं जातं. मी म्हटलं, माझ्याकडे खरं जातं आहे, अजून दळतं. तर म्हणाल्या, ते फार जड पडेल, शिवाय रंग मॅच होत नाही. फरशीच्या दुकानात तीच तऱ्हा. मला साधी न पॉलिश केलेली शहाबादी हवी होती, तुटलेल्या सात फरश्यांच्या जागी बसवायला, सात. त्या माणसानं मला पाऊण तास लाकडासारखी दिसणारी टाइल दाखवली. मग दगडासारखी दिसणारी. मग शेणानं सारवल्यासारखी दिसणारी! दगडच दे ना बाबा, दगडासारखं कशाला? शेवटी धरणगावला एक जुनं घर पाडत होते, तिथून मिळाल्या, डोक्यावर वाहून रिक्षात घातल्या.

त्या पाडलेल्या घराचं दार मात्र हातचं गेलं. पितळी कड्यांचं, दोन फळ्यांचं, बिजागरीऐवजी चुळीवर, म्हणजे फळीच्याच लाकडी खुंटीवर, फिरणारं. मी पोचायच्या तासभर आधी भंगारवाल्यानं नेलं, लाकडाच्या वजनावर. असलीच दारं मी शहरात काचेखाली टेबल म्हणून मांडलेली पाहिलीयेत, किंमत विचारायची हिंमत होत नाही. आणि गावात त्याच्या जागी लोखंडी दार बसलं, त्यालाही लाकडाचा रंग.

नातेवाइकांना काय म्हणू? वहिनी परवा फोनवर म्हणाली, एवढा पैसा घालून शेवटी गरिबाचंच घर केलंत. हे माझ्या जिव्हारी लागलंय. मातीची भिंत दिसली की गरिबी, हे कुणी शिकवलं आपल्याला? आपण सगळे असल्याच घरांतून बाहेर पडलो ना? तिच्या माहेरचं धाबं मी पाहिलंय, याच्यापेक्षा देखणं होतं, आता तिथं गुलाबी टाइल्स आहेत आणि घरातली म्हातारी माणसं उन्हाळ्यात अंगणात झोपतात.

असो. खांबांकडे येते, कारण माझं मन तिथून हलत नाहीये. रंगाची बाकी रक्कम मी देणार नाही. ठेकेदार म्हणाला, मग रिमूव्हर मारून काढून देतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही. तो पोरगा रिमूव्हर लावून पत्र्यानं खरवडणार आणि वरचं लाकूडही सोलून काढणार, म्हणजे आजीची चकती कायमची गेली. मीच काढणार. थोडासा भाग रिमूव्हरनं भिजवायचा, रंग फुगून सुटला की लाकडाची चपटी काडी घेऊन सारायचा, खाचांत जुना टूथब्रश. दार-खिडक्यांचा रंग तर जुना, बाबांच्या वेळचा निळा, तो कोरडा घासायची सोय नाही. रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, वर नको हा नियम 2016 सालचा, त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार? तो पाणी मारून, मास्क लावून, पोरांना घराबाहेर ठेवून काढावा लागतो. तेही त्या रंगाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही, तो बिचारा तोंडाला रुमालसुद्धा न बांधता घासत होता.

काल संध्याकाळपासून रात्री साडेअकरापर्यंत बसले. मागच्या खांबाची वीतभर जागा मोकळी झाली. चकतीची वरची कड दिसायला लागलीय, काळी, थोडी पुसट झालीय पण आहे. तुळईतली लांबी अजून तशीच, ती उद्या. उद्या-परवा रजा टाकलीय.

अमळनेर, पारोळा, चोपडा, एरंडोल या भागात चुन्याचं काम स्वतःच्या हातानं केलेला कुणी म्हातारा गवंडी माहीत असेल तर कळवा. वय कितीही असू दे, नुसतं खुर्चीवर बसून सांगितलं तरी चालेल, कालवायला मी आहे. फक्त ‘हो ताई, जमेल’ म्हणणारा नको.